आप्पांना लकवा, डावी बाजू गेली. घरी आणलंय, माकडहाडावर लाल डाग दिसतोय, काय करू?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय, इथं पहिल्यांदाच विचारतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे आप्पा, वय ६७, बीपी आहे पण गोळी आठवली तर घ्यायची असा प्रकार. गेल्या महिन्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती म्हणून पहाटे केळीला पाणी धरायला उठले आणि तिथंच कलंडले, डावा हात डावा पाय लुळा, तोंड उजवीकडं ओढलेलं. तपासणीत मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडलेला निघाला. ५ दिवस आयसीयू, ७ दिवस वॉर्ड, मग डिस्चार्ज. जाताना हातात फाईल, गोळ्यांची पिशवी आणि "कूस बदलत राहा, फिजिओ करा" एवढंच. कूस कशी बदलायची हे कोणी करून दाखवलं नाही, मीपण घाईत विचारलं नाही, ती चूक माझी.

आता घरी ११ दिवस झाले. नाकातली नळी तिथंच काढली होती, लघवीची नळी आहे. जुन्या नवारीच्या पलंगावर झोपवलंय. काल आईनं पाठ पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग पाहिला. एका शेजाऱ्यानं स्पिरिट लावून चोळायला सांगितलंय. दुसरं म्हणजे उचलताना डाव्या खांद्याला हात लागला की ओरडतात. पाणी पाजलं की ठसका, जेवताना मात्र कमी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्यांना वाटतं आपल्याला काही झालंच नाही, परवा रात्री "चप्पल दे, बागेत जाऊन येतो" म्हणून उठायला गेले आणि पलंगाखाली. मी, आई आणि बायको एवढेच, बायको सकाळी अंगणवाडीत असते. एअर बेड घ्यावा का, त्यानं भागेल का?

सिस्टर_२२_वर्षं

भाऊ, आधी एक सांगा, पडले तेव्हा डोकं आपटलं का? त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू असणार, तेव्हा डोक्याला मार असेल, सारखी झोप येत असेल, उलटी झाली असेल किंवा बोलणं आणखी बिघडलं असेल तर हे सगळं वाचत बसू नका, गाडी काढा. नसेल तर पुढचं वाचा.

आता उठा आणि त्या लाल डागावर बोट दाबून धरा, तीन सेकंद, आणि सोडा. बोटाखालची जागा पांढरी पडून परत लाल होत असेल तर अजून वेळ आहे. पांढरी पडतच नसेल, लालच्या लाल राहत असेल, तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबानं होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी झालेली आहे, वरची कातडी शाबूत दिसते म्हणून फसू नका. रंग सावळा असेल तर लाली नीट दिसत नाही, मग हाताच्या पाठीनं चाचपायचं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिली लागते. आणि स्पिरिट नको, चोळणं तर अजिबात नको. आतली बारीक रक्तवाहिनी आधीच दाबून अर्धमेली झालेली असते, वरून चोळलं की ती फाटते. पावडरपण नको, घामात गोळे होऊन तेच टोचतात. सायकलच्या ट्यूबची रिंग करून खाली ठेवतात ना लोक, ती तर फेकून द्या, मधल्या जागेचं रक्त चारी बाजूंनी अडतं.

औषध एकच, तिथला भार काढणं. दर २ तासांनी कूस, रात्रीसुद्धा. मोबाईलला अलार्म लावा आणि भिंतीवर कागद चिकटवून वेळ आणि बाजू लिहा, नाहीतर पहाटे दोघंही म्हणतात मी बदलली होती. सध्या डाग मिटेपर्यंत पाठीवर कमीत कमी. आता कूस कशी, तर पूर्ण आडवं करू नका, तसं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि पुढच्या आठवड्यात तिथं डाग. गोधडीची घट्ट वळकटी करून पाठीमागं खांद्यापासून कमरेपर्यंत सरकवायची, अंग फक्त ३० अंशांएवढं कलतं, माकडहाडपण सुटतं आणि खुबापण. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी द्या की टाचा हवेत राहतील, टाचेला लोक विसरतात आणि पाठ बरी होईपर्यंत टाच काळी पडलेली असते.

आणि ओढू नका हो! पलंगाच्या पायथ्याशी घसरलेल्या माणसाला काखेत धरून वर ओढतात सगळे, त्यात कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड सरकतं, अर्धे बेडसोर तिथंच तयार होतात. आईंचं जुनं सुती लुगडं असेल तर चार पदरी घडी करा, खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला, दोघांनी दोन बाजूंनी ते धरायचं आणि उचलून वर घ्यायचं. घरातल्या घरात हेच चांगलं.

तुमचा खांदा दुखायचं कारणपण हेच आहे. लुळ्या बाजूचा खांदा म्हणजे खुंटीवरून निसटू पाहणारं जू समजा, त्याला धरून ठेवणारे स्नायूच झोपलेत. काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढलं की सांधा खाली उतरतो. त्या हाताला धरून उचलणं आजपासून बंद, पाहुण्यांनापण सांगा. बसवलं की हात मांडीवरच्या उशीवर, लटकता नको. कुशीवर असताना पुढं उशीवर. डाव्या कुशीवर झोपवलं तर चालतं बरं का, चांगलंच असतं, फक्त डावा खांदा हळूच पुढं काढून घ्यायचा, अंगाखाली दबायला नको, आणि त्या कुशीवर वेळ जरा कमी.

ड्युटीला निघतेय, गिळण्याचं रात्री लिहिते. तोपर्यंत झोपवून पाणी पाजू नका.

साक्रीकर_भो

भाऊ घाबरू नको, मन्हा आजोबासले बी असंच व्हयेल व्हतं, आते काठी धरीसन चालतस.

एअर बेडचं माझ्याकडून ऐक. घे, कामाचा आहे, पण तो घेतला म्हणून कूस बदलणं सुटत नाही, आम्ही त्याच भ्रमात होतो. तो हवेच्या पंपावर चालतो, आणि आपल्याकडं लाईट गेली की पंप बंद, गादी हळूहळू चपटी, माणूस खालच्या फळीवर. मे महिन्यात तर लाईट रोजच जायची. आम्ही छोटा इन्व्हर्टर जोडला तेव्हा कुठं. अजून एक, नवारीच्या पलंगावर एअर बेड टाकू नको, मधे झोळ पडतो आणि सगळं वजन पुन्हा माकडहाडावरच. खाली प्लायवूड टाक, वर साधी गादी, त्यावर तो बेड, आणि वर एकच सुती चादर. आम्ही हौसेनं तीन गोधड्या घातल्या होत्या, मग हवेचा उपयोग काय? रेक्झिन अंगाला लागू देऊ नको, ४४-४५ डिग्रीत त्याखाली घामाचं तळं होतं.

आणि एक चूक सांगतो ती करू नको. थंडीत आजोबांचा लुळा पाय गार लागायचा म्हणून मी प्रेमानं गरम पाण्याची पिशवी ठेवली, ते काही बोलले नाहीत, मला वाटलं बरं वाटतंय. सकाळी घोट्यावर लिंबाएवढा फोड. त्यांना कळतच नव्हतं गरम लागतंय ते. तो फोड भरायला दीड महिना गेला, आजी अजून टोमणा मारते.

तापीकाठ

आमच्याकडं लकव्याला कबुतराच्या रक्ताची मालिश करतात, एकदा करून पाहायला काय हरकत आहे? माझ्या मामांना फरक पडला होता. गोळ्यापण चालू ठेवा, मी गोळ्या बंद करा म्हणत नाही.

फिजिओ_धुळे

तापीकाठ, मामांना फरक पडला असेल, मी नाही म्हणत नाही, पण तो रक्तानं नाही पडला. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःच सगळ्यात जास्त सावरतो, त्या काळात कबुतर लावा नाहीतर खोबरेल, श्रेय त्यालाच जातं. माझ्याकडं पेशंट येतात ते बऱ्याचदा "दोन महिने गावठी करून पाहिलं" असं म्हणत, तोवर कोपर आखडलेलं, मूठ घट्ट वळलेली, घोटा खाली लोंबलेला. हे दोन महिने परत मिळत नाहीत, म्हणून हरकत आहे. साध्या तेलानं हलका हात फिरवायला माझी ना नाही, घरच्यांनापण बरं वाटतं, फक्त लाल डागावर नाही. आणि पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला हातसुद्धा लावायचा नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटून फुप्फुसात जाते. असं दिसलं की डॉक्टर, आणि दम लागत असेल तर त्याच मिनिटाला.

केळीबागवाले भाऊ, आप्पांना काही झालं नाही असं वाटतं ना, ते नाटक नाही की हट्ट नाही. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही जणांना आपली डावी बाजू आहे हेच कळेनासं होतं, आणि असे पेशंट सगळ्यात जास्त पडतात. समजावून उपयोग नाही, सोय करायची. पलंग अगदी बुटका करा, डावी बाजू भिंतीला लावू नका (सगळे तेच करतात), खोलीतलं येणंजाणं डावीकडून राहील असा ठेवा म्हणजे मान तिकडं वळेल. हाक मारायला घंटी, पाण्याचा तांब्या हे मात्र उजव्या हाताशी. बांधून ठेवू नका, बांधलेला माणूस उठायची जास्त धडपड करतो. बरेचदा लघवी-संडासची घाई असते म्हणून उठतात, दर काही तासांनी आपणच विचारलं की अर्धी धडपड कमी.

खुर्चीवर घेताना खुर्ची त्यांच्या उजव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा. कमरेला रुंद पट्टा बांधा, पँटचा बारीक बेल्ट नको. तुम्ही समोर, तुमच्या गुडघ्यानं त्यांचा डावा गुडघा अडवायचा कारण तोच दुमडतो, मग पट्टा धरून पुढं झुकवायचं, झुकलं की माणूस आपोआप उठतो, नुसतं वर खेचायचं नाही. त्यांचे हात तुमच्या गळ्यात घालू नका, तुमची मान जाईल. बोटं, मनगट, कोपर, घोटा दिवसातून दोनतीनदा पूर्ण हलवून द्यायचे, सावकाश, दुखेल तिथं थांबायचं. खांदा सध्या जास्त वर नेऊ नका, कोणी येऊन दाखवेपर्यंत. एकदा तरी फिजिओला घरी बोलवा, लिहून एवढंच कळतं.

सिस्टर_२२_वर्षं

आले. गिळण्याचं.

लोकांना वाटतं पातळ सोपं आणि घट्ट अवघड. लकव्यात उलटं असतं. पाणी इतकं पटकन मागं जातं की घशाचं झाकण मिटायच्या आत ते श्वासनळीत उतरतं. म्हणून आप्पांना पाण्याचा ठसका आणि भाताचा नाही. तेव्हा सध्या सगळं एकजीव आणि दाट, चमच्यातून घरंगळत नाही असं. घोटलेला वरणभात, मऊ खिचडी, दही, आणि तुमच्या घरचं केळं, कुस्करून दुधात कालवलेलं. सगळ्यात वाईट म्हणजे घट्ट-पातळ एकत्र, आपली शेवभाजी, वर रस्सा आणि आत शेव, रस्सा आधी पळतो आणि शेव मागं राहते. सुक्या कळण्याच्या भाकरीचा चुरापण नको, एक कण पुरतो. आणि घशाची तपासणी करून घ्या, पाणी किती दाट करायचं, साधं कधी सुरू करायचं ते तपासणारेच सांगतील, दाट करायला पावडर मिळते. पाण्याला ठसका लागतो म्हणून पाणीच तोडू नका, या उन्हात लघवी गडद होऊन नळी तुंबेल.

भरवताना शक्य तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित छातीकडं, मान मागं टाकून कधीच नाही. तुम्ही उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो आणि मान आपोआप मागं जाते, म्हणून स्टूल घेऊन समोर बसा. चहाचा चमचा, घास उजव्या गालात, गिळलं का ते गळ्याकडं बघायचं, मगच दुसरा. टीव्ही बंद. झालं की डाव्या गालात बोट फिरवून बघा, तिथं अर्धा घास हमखास सापडतो. मग तोंड धुवून द्या, दात घासा, आणि अर्धा तास तरी तसंच बसवा. एरवी डोकं ३० अंशांच्या वर ठेवू नका, घसरतात.

एक धोका सांगते. प्रत्येक वेळी ठसका येईलच असं नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा येतोय का, "आप्पा, आ करा" म्हणून ऐका. आवाज ओला येत असेल, संध्याकाळी बारीक ताप, श्वास जोरात, तर अन्न छातीत उतरलंय समजा, आणि घरी काढा देत बसू नका. गोळ्या कुस्करून दह्यात देता येतात पण सगळ्या नाही, ज्यांच्या नावापुढं एसआर, ईआर, एक्सएल असं काही असतं त्या पोटात हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या फोडायच्या नसतात, मेडिकलवाल्याला पट्टी दाखवून विचारा.

लघवीची पिशवी कुठं ठेवता?

केळीबाग_यावल

सिस्टर ताई, डोकं नाही आपटलं, तरी सकाळी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. डाग दाबला तर पांढरा पडतो. पिशवी पलंगावर पायाशी असते, खाली ठेवली तर पायात येते.

सिस्टर_२२_वर्षं

तिथंच घोळ आहे. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली पाहिजे, नाहीतर पिशवीतली लघवी नळीतून परत आत जाते आणि सोबत जंतू नेते. अँब्युलन्समध्ये तर लोक ती पोटावर ठेवतात, मी किती वेळा ओरडलेय. पलंगाच्या कडेला हुक नाहीतर तार वाकवून लटकवा, जमिनीला टेकायला नको. नळीला पीळ नको, अंगाखाली दबायला नको, मांडीला पट्टीनं चिकटवा. पाऊण भरायच्या आत रिकामी, आधी आणि नंतर साबणानं हात. लघवी गढूळ झाली, थंडी वाजून ताप आला किंवा चारपाच तास पिशवीत थेंब नाही तर दाखवा. आणि पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा की नळी काढता येईल का. विसरून महिनोन्महिने राहते, तिचं काम संपलेलं असतं तरी.

अमळनेरची_लेक

धागा हायजॅक करतेय, माफ करा. माझी आई (७२) न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, गोळा बदललाय, आज ९वा दिवस. ती म्हणते मला पाटावर बसून देवपूजा करायचीय आणि संडास नेहमीचाच वापरायचाय. डॉक्टर म्हणाले खाली बसायचं नाही, पण किती दिवस, आणि एवढं काय होतं?

सिस्टर_२२_वर्षं

ताई, तो गोळा कधीकधी निखळतो, "एवढं" ते होतं. एकदम असह्य कळ, पाय आखूड आणि आत वळलेला, परत ऑपरेशन थिएटर. बहुतेक ठिकाणी पाठीमागून कापून बसवतात, तसं असेल तर तीन गोष्टी: कंबर ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. पाट, उखिडवं बसणं, खाली पडलेलं वाकून उचलणं हे सगळं त्यात आलं. कुशीवर असताना दोन मांड्यांच्या मध्ये जाड उशी. खुर्ची उंच आणि हातांची, संडासला कमोड खुर्ची, मिळाली नाही तर प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून वापरतात लोक पण तिचे पाय फाकत नाहीत ना ते बघा. किती दिवस ते तुमच्या सर्जननं काय बसवलंय, कुठून बसवलंय यावर आहे, साधारण दीडदोन ते तीन महिने सांगतात, त्यांनाच विचारा. देव भिंतीवरच्या फळीवर आणा, उभ्यानं पूजा होते. पावलं घोट्यात खालीवर हलवायला लावा, जागी असताना दर तासाला दहावीस वेळा, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

साक्रीकर_भो

देव वर चढवायचं भारी आहे. माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिनं मलाच खाली बसवलं असतं.

केळीबाग_यावल

दहा दिवसांनी लिहितोय. डाग गेला, आता नुसता तपकिरी ठसा आहे. नवारीवर प्लाय टाकली, एअर बेडपण घेतला, आणि अलार्मचा कागद बायकोनं बनवला, त्यात रात्री २ आणि ४ ची माझी सही आहे. घरी बोलावलेल्या एक फिजिओ ताई येऊन दाखवून गेल्या. खांद्याला आता कोणी धरत नाही, तर ओरडणं निम्म्यावर. दाट पाण्याला आप्पा नावं ठेवतात पण ठसका नाही. लघवीची नळी परवा काढली, पहिल्या दिवशी चादरी धुण्यात गेला, आता भांडं विचारून देतो.

फक्त एक नवीन. कालपासून चिडून म्हणतात, मला भाजी वाढत नाही, नुसता भात देता. ताटात भाजी असते, डाव्या बाजूला, तशीच पडलेली. चव गेली का काय?

फिजिओ_धुळे

चव नाही गेली. ताटाची डावी बाजू त्यांना दिसतच नाहीये, डोळे चांगले आहेत, मेंदू तिकडं बघत नाही, मागं म्हणालो ना तेच. उजवीकडचं संपलं की ताट अर्धं फिरवा. नंतर सवयीसाठी, ताटाच्या डाव्या कडेला लाल रुमाल ठेवून "आप्पा, रुमाल दिसेपर्यंत मान वळवा" असं रोज करून घ्या. दाढीपण अर्धीच करत असतील बघा.

केळीबाग_यावल

ताट फिरवलं. "आत्ता कुठून आली भाजी" म्हणे, आणि सगळी संपवली. दाढीचं खरंय, डावा गाल तसाच, आम्ही म्हणत होतो वस्तरा बोथट झाला.